हाजी मोहम्मद मोहसिन : नऊ वाट्यांचा वक्फ आणि गरीब मुलांची फी

पश्चिम बंगालमधल्या हुगली गावात एक जुनं कॉलेज आहे. बांगलादेशातल्या चितगावातही एक कॉलेज आहे. ढाका विद्यापीठात मुलांचं एक मोठं वसतिगृह आहे. या तिन्हींना नाव एकाच माणसाचं – हाजी मोहम्मद मोहसिन. देशाच्या फाळण्या झाल्या, सरहद्दी आखल्या गेल्या, पण दोन्हीकडच्या बंगाली माणसाने हे नाव टाकलं नाही. तिकडे आजही दानशूर म्हटलं की हाजी मोहसिन आठवतात.

आपल्या महाराष्ट्रात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण जकात, सदका, वक्फ यांचा पैसा नेमका कुठे खर्च व्हावा, हा प्रश्न आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असतो. मशिदीचा मिनार आधी की विधवेचा किराणा? जलसा आधी की पोराची फी? हाजी मोहसिन यांनी दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवलं होतं. त्या कागदाचं पुढे काय झालं, हे समजून घेणं म्हणूनच आपल्या कामाचं आहे.

हुगलीचं घर

मोहसिन यांचा जन्म १७३२ सालचा, हुगलीचा. त्या काळी हुगली म्हणजे गजबजलेलं बंदर. शेजारी चिन्सुऱ्याला डच, चंदननगरला फ्रेंच, थोडं खाली कलकत्त्याला इंग्रज. मोहसिन यांचे वडील हाजी फैजुल्लाह. त्यांचं घराणं मूळचं इराणचं, शिया पंथाचं आणि व्यापारात स्थिरावलेलं.

आई झैनब खानम यांचं हे दुसरं लग्न. त्यांचे पहिले पती आगा मोताहर हे मोठे जमीनदार. जेस्सोर भागातली सय्यदपूरची जहागीर त्यांच्याकडे होती. त्यांना एकच मुलगी, मन्नूजान. असं सांगतात की आगा मोताहर यांनी लेकीच्या गळ्यात एक ताईत बांधला आणि आपल्या मरणानंतरच तो उघडायला सांगितलं. ताईत उघडला तर आत वसियतनामा निघाला, सगळी मालमत्ता मुलीच्या नावावर! ही कथा किती खरी ते असो, पण इस्टेट मन्नूजानकडे आली हे मात्र खरं.

मन्नूजान आणि मोहसिन एकाच आईची लेकरं. बहीण मोठी, भाऊ धाकटा. दोघं एकत्र वाढले, एकत्र शिकले. पुढच्या शिक्षणासाठी मोहसिन मुर्शिदाबादला गेले. बंगालच्या नवाबांची राजधानी होती ती. तिथे अरबी, फारसी, कुरआन, हदीस, फिकह असं त्या काळचं पक्कं शिक्षण त्यांनी घेतलं.

मन्नूजानचं लग्न मिर्झा सलाहुद्दीन यांच्याशी झालं. ते हुगलीचे नायब फौजदार. बहीण सुखाने नांदायला लागली आणि मोहसिन प्रवासाला निघाले.

सत्तावीस वर्षं मुसाफिरी

हा प्रवास साधासुधा नव्हता. हिंदुस्थानातून ते इराणला गेले, इराकला गेले, अरबस्तानात गेले. मक्का-मदिनेची जियारत केली, हज केला, नजफ आणि करबलाला हजेरी लावली. पुढे तुर्कस्तानापर्यंत पोचले. सगळी मिळून ही मुसाफिरी सत्तावीस वर्षांची मानली जाते. हाजी ही उपाधी नावाला कायमची जोडली गेली ती इथूनच.

ते परतले तेव्हा बंगाल बदललेला होता. १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली होती. १७७० च्या भयानक दुष्काळाने गावंच्या गावं ओस पाडली होती. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे बंगालचा तिसरा हिस्सा माणूस मेला. १७९३ मध्ये कंपनी सरकारने कायमधारा लागू केला आणि जमिनीची मालकी नव्या हातांत जाऊ लागली. फौज गेली, दरबारी नोकऱ्या गेल्या. ज्या मुसलमान घराण्यांचं पोट या दोन गोष्टींवर होतं ती खचली. शेतकरी आणि विणकर तर आधीच गरीब होते.

इकडे मन्नूजान विधवा झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. पतीच्या मागे ही बाई एवढी मोठी जमीनदारी स्वतः सांभाळत होती. वसुली बघत होती, कारकुनांवर नजर ठेवत होती, गोरगरिबांना देत होती. हाजी मोहसिन यांच्या नावाने जे दान आज ओळखलं जातं ते मुळात या बहिणीने राखलेल्या इस्टेटीतून आलं, ही गोष्ट आपण विसरू नये. १८०३ मध्ये मन्नूजान वारल्या. जाण्याआधी त्यांनी सगळं भावाच्या नावे केलं होतं.

सत्तरीत आलेली दौलत

तेव्हा मोहसिन यांचं वय सत्तरच्या आसपास होतं. लग्न केलेलं नव्हतं. जवळचा वारस नव्हता. अन्न-वस्त्र साधं. वर्षानुवर्षं फकिरासारखं फिरलेल्या माणसाच्या हातात अचानक हजारो रुपयांचं वार्षिक उत्पन्न आलं.

लोक त्यांच्याबद्दल खूप गोष्टी सांगतात. ते स्वतःच्या हाताने कुरआन शरीफच्या प्रती लिहायचे. रात्री साध्या वेशात गल्लीबोळांतून फिरून कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते बघायचे. घरात चोर सापडला तर त्याची कहाणी ऐकून त्याला पैसे देऊन पाठवलं. बंगालच्या शाळकरी पोरांना या गोष्टी पाठ असतात. पण हाजी मोहसिन यांचं खरं मोठेपण चोराला पैसे दिले त्यात नाही. त्यांना एक गोष्ट कळली होती. स्वतः रोज हाताने वाटत राहिलो तर आपण गेलो की वाटप संपलं. माणूस मरतो, म्हणून दानाला माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब आयुष्य द्यायला हवं. सदका-ए-जारिया म्हणतात तो हाच.

१८०६ मध्ये त्यांनी तौलियतनामा लिहिला, म्हणजे वक्फचा दस्त. सगळी इस्टेट अल्लाहच्या नावाने वक्फ केली. दोन मुतवल्ली नेमले. आणि मग तो भाग, ज्यासाठी आपण आज त्यांची आठवण काढतोय : उत्पन्नाचे नऊ वाटे केले.

तीन वाटे धार्मिक कामांना. यात मोहर्रमच्या मजलिसी, फातेहा, इमामबाड्याची दुरुस्ती हे सगळं आलं.

चार वाटे वजिफे, पेन्शनी, पगार आणि दानधर्माला. म्हणजे माणसांना.

दोन वाटे मुतवल्लींना, त्यांच्या कामाचा मेहनताना म्हणून. एकेकाला एक.

जरा थांबून हा हिशेब बघा. वक्फ करणारा माणूस दीनदार आहे, हाजी आहे, त्याच्या घराण्याचा इमामबाडा आहे. तरीही सगळ्यात मोठा वाटा त्याने इमारतीला दिला नाही. नवातले चार वाटे जिवंत माणसांसाठी ठेवले. आणि कारभाऱ्यांचाही हक्काचा मेहनताना लिहून दिला, की त्यांनी गरिबाच्या ताटात हात घालू नये. देणाऱ्याने आपला प्राधान्यक्रम आकड्यांत लिहून ठेवला. पुढे भांडण झालं तर कागद दाखवता यावा.

१८१२ च्या नोव्हेंबरात हाजी मोहसिन यांचा इंतकाल झाला. हुगलीतच त्यांना दफन केलं.

रखवालदारच जेव्हा हात मारतात

कागद चांगला होता. पण कागद स्वतः चालत नाही, त्याला चालवणारे लागतात.

हाजी साहेबांच्या मागे थोड्याच वर्षांत मुतवल्लींच्या कारभाराबद्दल तक्रारी सुरू झाल्या. उत्पन्न येत होतं, पण ठरलेल्या कामांना पुरेसं पोचत नव्हतं. हिशेबात घोळ, वसुलीत घोळ, सरकारी सारा थकलेला. बंगाल सरकारकडे १८१० च्या कायद्याने धर्मादाय देणग्यांवर देखरेखीचा अधिकार होता. त्या कायद्याखाली चौकशी झाली आणि मुतवल्लींना दूर करण्यात आलं. इस्टेट सरकारच्या ताब्यात गेली.

मुतवल्ली गप्प बसले नाहीत. कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, आणि तिथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत प्रकरण गेलं. १८३५ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. एवढी वर्षं जमिनीचा पैसा साचत राहिला होता. शिवाय सरकारने जमीन कायमच्या पट्ट्याने देऊन एकरकमी नजराणेही घेतले होते. सगळं मिळून आठ लाख रुपयांहून मोठी रक्कम जमली. तो जमाना ध्यानात घ्या, शिपायाला महिन्याला सात-आठ रुपये मिळायचे.

या सगळ्या वर्षांत ज्या विधवेला पेन्शन मिळायची, ज्या तालिब-ए-इल्मला वजीफा मिळायचा, त्यांनी काय केलं असेल? कोर्टाच्या कागदांत त्यांची नावं नाहीत. वक्फचा खटला वीस वर्षं चालतो तेव्हा त्याची किंमत वकील देत नाही, गरीब देतो.

कॉलेज उभं राहिलं, पण कुणासाठी?

जमलेल्या रकमेतून सरकारने १ ऑगस्ट १८३६ रोजी हुगलीला कॉलेज सुरू केलं. इंग्रजी विभागात पहिल्या काही दिवसांतच हजारावर मुलांनी नावं घातली. अरबी-फारसीचा वेगळा विभागही होता. मोहसिन फंडातून दवाखान्यालाही पैसा मिळू लागला. आज चिन्सुऱ्याचं जिल्हा रुग्णालय इमामबाडा हॉस्पिटल या नावानेच ओळखलं जातं, ते याचमुळे.

कॉलेज नामांकित निघालं. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय इथेच शिकले. हायकोर्टाचे जज द्वारकानाथ मित्र इथलेच. एका मुसलमानाच्या वक्फमधून बंगालमधल्या हिंदू घरांतली हुशार मुलं शिकून मोठी झाली, याचं दुःख करायचं कारण नाही. इल्मचा दिवा सगळ्यांसाठी असतो.

पण एक गोष्ट खटकत होती. इंग्रजी विभागात मुसलमान मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. १८३७ मध्ये सरकारने फारसीचा कारभार बंद केला आणि फारसी शिकलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधी १८२८ पासून करमाफीच्या जमिनींची तपासणी सुरू होऊन अनेक मदरशांच्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या. म्हणजे जुनी शाळा बंद पडली, नव्या शाळेची फी परवडत नाही, आणि नव्या शाळेत आपली भाषा नाही, आपला मौलवी नाही. घरातल्या मोठ्यांनाही इंग्रजीबद्दल धास्ती होती, हेही खरं. पण ज्या फंडाने ही दरी भरायची, तोच फंड या मुलांच्या दारावरून पुढे निघून जात होता.

मधल्या काळात हुगलीचा मोठा इमामबाडा उभा राहिला. १८४१ मध्ये काम सुरू झालं, १८६१ मध्ये पूर्ण झालं. सय्यद करामत अली यांच्या देखरेखीखाली हे काम झालं. गंगेच्या काठावरची ती दुमजली इमारत, दोन उंच मनोरे, मधे विलायतेहून आणलेलं प्रचंड घड्याळ. आजही लोक बघायला जातात. देखणी वास्तू आहे, यात शंका नाही. पण देखण्या इमारतीला पैसा लवकर मिळतो आणि न दिसणाऱ्या फीला उशिरा मिळतो, हा दुनियेचा कायदा हुगलीतही चुकला नाही.

आवाज उठवणारे

याविरुद्ध ज्यांनी चिकाटीने आवाज उठवला त्यांत पहिलं नाव नवाब अब्दुल लतीफ यांचं. ते सरकारी नोकरीतले डेप्युटी मॅजिस्ट्रेट. १८६३ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मोहमेडन लिटररी सोसायटी काढली. मुसलमानांनी इंग्रजी शिकावं म्हणून समाजाची समजूत घालायची, आणि मोहसिन फंडाचा पैसा मुसलमान मुलांच्या शिक्षणाला मिळावा म्हणून सरकारचं दार ठोठवायचं, अशी दोन्ही कामं त्यांनी एकदम केली. फक्त सरकारला दोष दिला नाही आणि फक्त समाजालाही दिला नाही.

१८७१ मध्ये विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याचं हिंदुस्थानी मुसलमानांवरचं पुस्तक आलं. त्याची सगळीच मतं पटण्यासारखी नाहीत, पण मोहसिन फंडाबाबत त्याने आपल्याच सरकारचे कान उपटले. मुसलमानाच्या दानातून चाललेल्या कॉलेजात मुसलमानच नाहीत, ही गोष्ट त्याने उघड मांडली.

शेवटी १८७३ मध्ये सरकारने धोरण बदललं. हुगली कॉलेजचा खर्च सरकारी तिजोरीतून करायचा, आणि मोहसिन फंडाचा शिक्षणाचा पैसा मुसलमान मुलांवर खर्चायचा. १८७४ मध्ये ढाका, चितगाव आणि राजशाही इथे मोहसिन फंडातून मदरसे निघाले. पूर्व बंगालमध्ये मुसलमान संख्येने जास्त आणि परिस्थितीने सगळ्यात मागे. पैसा पहिल्यांदाच तिथे गेला जिथे गरज जास्त होती. ढाक्याच्या मदरशाचे पहिले प्रमुख मौलाना उबैदुल्लाह सुहरावर्दी होते. अरबी-फारसीचे जाणकार आणि इंग्रजी शिक्षणाचे पुरस्कर्ते.

दुसरी व्यवस्था त्याहून महत्त्वाची ठरली. सरकारी इंग्रजी शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीतला दोन तृतीयांश भाग मोहसिन फंड भरेल आणि उरलेला एक तृतीयांश घरच्यांनी भरायचा.

ही योजना किती शहाणपणाची होती बघा. नवी इमारत बांधायची गरज नाही. मुलाला हुगलीपर्यंत यायची गरज नाही. तो आपल्याच जिल्ह्याच्या शाळेत बसेल आणि फंडाचा पैसा त्याच्यापर्यंत चालत जाईल. बापाला थोडा हिस्सा भरायचा असल्यामुळे त्याचाही जीव त्यात गुंतेल आणि मानही राहील. एका कॉलेजाच्या भिंतीत अडकलेला पैसा अनेक जिल्ह्यांत पसरला.

हुगली कॉलेजात शिकलेल्या मोजक्या मुसलमान तरुणांपैकी एक सय्यद अमीर अली. त्यांनी १८६० च्या दशकात इथून पदव्या घेतल्या. पुढे ते कलकत्ता हायकोर्टाचे जज झाले. आणि १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर बसणारे पहिले हिंदुस्थानी ठरले. गंमत बघा, ज्या प्रिव्ही कौन्सिलने मोहसिन वक्फचा निकाल दिला होता, तिथे मोहसिनच्या कॉलेजचा विद्यार्थी न्यायाधीश म्हणून गेला!

आपल्यासाठी यात काय आहे?

ज्या १८७४ मध्ये ढाका-चितगावला मोहसिन मदरसे निघाले त्याच साली आपल्या मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोगे या मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची पायाभरणी केली. पूर्वेला आणि पश्चिमेला, एकमेकांपासून इतक्या दूर, मुसलमानांना एकाच वेळी कळलं होतं की समाजाचा पैसा आता शाळेत जायला हवा.

अलीकडच्या काळात परिस्थिती काय होती? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की देशात तेव्हा ४.९ लाखांहून जास्त नोंदणीकृत वक्फ मालमत्ता होत्या, जमीन सुमारे सहा लाख एकर. आणि वर्षाचं उत्पन्न? फक्त १६३ कोटी रुपयांच्या आसपास. नीट कारभार झाला तर हे उत्पन्न १२,००० कोटींपर्यंत जाऊ शकतं, असा समितीचा हिशेब होता. म्हणजे देणाऱ्यांनी भरभरून दिलं आहे. कमी पडलेत ते सांभाळणारे आणि विचारणारे.

वक्फ आणि जकात या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जकातीचे हकदार कुरआनने ठरवून दिलेत, त्यात फेरफार नाही. पण सदका, इमदाद, जमातीचा फंड, वक्फचं भाडं, यांचा क्रम ठरवायचं काम आपल्यावर आहे. हाजी मोहसिन यांच्या वक्फच्या कहाणीतून यासाठी तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, वाटे लिहून ठेवा. शंभर रुपयांतले किती इमारतीला, किती शिक्षणाला, किती विधवा आणि आजारी माणसांना, हे आधी ठरलं की ऐनवेळी ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होत नाही.

दुसरी, हिशेब विचारा. मुतवल्ली, ट्रस्टी, सेक्रेटरी आपलेच असतात, ओळखीचे असतात, म्हणून विचारायला संकोच वाटतो. हुगलीतही असंच झालं असणार. वर्षातून एकदा जमातीसमोर जमा-खर्च वाचून दाखवला तर प्रामाणिक माणसाचं काही बिघडत नाही, उलट त्याची इज्जत वाढते.

तिसरी, मदत गरजवंताच्या दारापर्यंत नेता येते का ते बघा. दहावीनंतर फी भरता न आल्यामुळे घरी बसलेली मुलगी तुमच्या ऑफिसात अर्ज घेऊन येईलच असं नाही. तिच्या शाळेची फी परस्पर शाळेत भरता आली तर तिचा अभ्यास वाचतो आणि तिच्या अब्बांची मानही खाली जात नाही.

हाजी मोहसिन यांनी मागे मूल ठेवलं नाही. पण ढाका, राजशाही, चितगाव, हुगली इथल्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस मोहसिन फंडाच्या पैशांवर शिकला. त्या घरांच्या पुढच्या पिढ्यांत डॉक्टर, मास्तर, वकील, कारकून निघाले. त्यातल्या बहुतेकांना आज ठाऊकही नसेल की आपल्या पणजोबांच्या फीतले दोन हिस्से कुणी भरले होते.

अल्लाह हाजी मोहम्मद मोहसिन आणि त्यांच्या बहीण मन्नूजान खानम यांची ही नेकी कबूल करो. आणि आपल्या जमातीच्या फंडात गरिबाच्या मुलाचा वाटा ठरवण्याची व तो राखण्याची समज आपल्याला देवो. आमीन.